मिंकांची पंगत

ब्रिस्टलला मुलाकडे राहायला गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात ज्या प्रश्नाने मला सर्वाधिक काळ आसनावर खिळवून ठेवले, तो मोक्षाचा नव्हता. लांबट अंगाच्या, मुंगसाची आठवण करून देणाऱ्या एका लहानशा प्राण्याला भरपूर पिल्ले व्हावीत अशी प्रार्थना मी देवापाशी करावी की करू नये, असा तो प्रश्न होता.

प्राण्याचे नाव मिंक. त्याच्या मऊ कातड्याचे कोट होतात आणि त्या कोटांसाठीच उत्तरेकडच्या थंड देशांत तो पिंजऱ्यांतून पाळला जातो. ब्रिटनमध्ये अशी पालनकेंद्रे कायद्याने नुकतीच बंद झाली होती. त्यामुळे प्राणी डेन्मार्कमध्ये आणि त्यांचा अभ्यास ब्रिस्टलमध्ये, अशी व्यवस्था होती. अभ्यास करणारी आमची सून. जनुकशास्त्र शिकून ती तेथील विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करीत असे. मुलाची नोकरी लंडनला. तो सोमवारी पहाटे ईलिंगच्या भाड्याच्या खोलीवर जाई आणि शुक्रवारी परते. मधले दिवस घरात आम्ही तिघे: सून, सौभाग्यवती आणि मी.

माझे आयुष्य पुण्याच्या संस्कृत पाठशाळेत शिकण्यात आणि पुढे तेथेच शिकवण्यात गेले. घरातील माणूस कोणत्या विद्येची उपासना करतो हे ठाऊक नसणे मला अनुचित वाटे. म्हणून एके दिवशी जेवताना मी सुनेला तिच्या कामाविषयी विचारले.

"प्रत्येक मादीच्या कानाचा अगदी छोटा तुकडा येतो आमच्याकडे, बाबा," ती पोळी मोडत म्हणाली. सौभाग्यवतींच्या हातातली पळी जागीच थांबली. "त्यातून आम्ही डीएनए काढतो. मग बघतो, की ज्यांना जास्त पिल्लं होतात, त्यांच्यात काही कॉमन खूण सापडते का. मार्कर म्हणतात त्याला."

"म्हणजे त्या खुणेमुळे पिल्ले होतात?"

"नाही ना, खूण स्वतः काहीच करत नाही. ती नुसती शेजारी राहते. खरं काम करणारा जीन तिच्या आसपास कुठेतरी असतो, तो अजून सापडलेला नाही. पण खूण दिसली, की तो जवळपास आहे एवढं कळतं."

हे मला तत्काळ उमगले. जुन्या पोथ्यांच्या समासात कोण्या अनाम वाचकाने शाईचा ठिपका देऊन ठेवलेला असतो. त्या ठिपक्याला अर्थ नसतो. परंतु त्याच्या शेजारच्या ओळींत काहीतरी लक्ष देण्याजोगे आहे, एवढे तो सांगतो. असे ठिपके शोधण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली होती. मी सुनेला म्हणालो, की आपण दोघे एकाच व्यवसायातले आहोत. तिलाही ते आवडले. "फक्त तुमच्या पोथ्या चावत नसतील," ती म्हणाली.

"आणि बापाचं काही नसतं का त्यात?" सौभाग्यवतींनी विचारले. "सगळं आईच्याच कानात?"

"बापाचा गोंधळच आहे, आई. मिंकमध्ये एका मादीला आठवड्याच्या अंतराने दोन नर देतात. कधीकधी एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे निघतात."

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. "अहो, मग एका वेतात दोन गोत्रं? मुंजीत काय सांगायचं?"

मी यावर खरोखर विचार करू लागलो, हे पाहून सुनेला ठसका लागला. तिला पाणी देत सौभाग्यवती सौम्यपणे म्हणाल्या, "मिंकांचं सगळं कळतं हो तुम्हाला. घरातलं काही कळलं तर सांगा."

"आई, घरात सॅम्पल साइज एकच आहे," सून म्हणाली, आणि तो विषय तेथेच मिटला.

हे हसणे फार दिवस टिकले नाही. सुनेची नेमणूक तीन वर्षांची होती आणि ती येत्या उन्हाळ्यात संपणार होती. तिला हवी तशी वाटणारी एक खूण सापडली होती. परंतु ती खरी की योगायोगाची, हे ठरवण्यास आणखी एका वसंतातील विणींचे नमुने हवे होते. ते देणे न देणे डेन्मार्कमधल्या एका वृद्ध मिंकपालकाच्या हाती होते. त्याच्या शब्दावाचून त्या भागातले इतर पालक नमुन्याची एक कुपीही देत नसत. त्याने होकार दिला तर नेमणूक वाढणार होती. नकार दिला तर तीन वर्षांचे काम अर्धवट टाकून तिला ईलिंगला जाऊन मिळेल ती नोकरी धरावी लागणार होती. "ईलिंगमध्ये मिंक नाहीत, बाबा," ती एकदा खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली. इतक्या दुःखाने हे वाक्य उच्चारणारी व्यक्ती त्या नगरात दुसरी नसावी.

तो वृद्ध गृहस्थ विद्यापीठात येणार असे कळताच सुनेने त्याला घरी जेवायला बोलावले, आणि सौभाग्यवतींनी मला आज्ञा केली, "त्या दिवशी सकाळी एकादशणी करा. पोरीच्या कामासाठी."

एकादशणी म्हणजे रुद्राच्या अकरा आवर्तनांनी शिवलिंगावर अभिषेक. ते मला नित्याचे होते. अडचण निराळी होती. कर्माच्या आरंभी हातात पाणी घेऊन संकल्प सोडावा लागतो. मी कोण, कोठे बसलो आहे, आज तिथी कोणती, आणि हे मी कशासाठी करीत आहे, हे देवाला स्पष्ट सांगावे लागते. तेथे मोघम बोलण्याची मला कधी सवय लागली नाही.

स्थळाचाच प्रश्न आधी आला. ब्रिस्टल कोणत्या द्वीपात मोडते, याविषयी मी ईलिंगला पौरोहित्य करणाऱ्या एका सज्जनांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, "गुरुजी, मी नुसतं आंग्लदेशे म्हणतो आणि पुढे जातो. खाली पार्किंगची वेळ संपत असते." मी त्यांचे आभार मानले आणि निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घेतला.

दर्भाचा प्रश्न शेजाऱ्यांनी सोडवला. कुंपणापलीकडे निवृत्त इंग्रज गृहस्थ राहत. त्यांना बागेवाचून दुसरे दैवत नव्हते. त्यांच्या वाफ्यात उंच, धारदार पात्यांचे गवत होते. ते दर्भ नव्हते, परंतु दर्भाला पाहून लाजले नसते. मी मागितले तेव्हा त्यांनी कारण विचारले. प्रार्थनेसाठी बोटात घालायचे आहे, असे मी सांगितले. त्यांनी कात्री आणली, पाती कापली आणि एवढेच म्हणाले, की दंव पडल्यावर ते पिवळे पडते, म्हणून पुढची प्रार्थना लवकर उरका.

राहिला उद्देश. मिंकांना विपुल संतती व्हावी, असा पहिला संकल्प मी मनात रचला. पण सुनेनेच मला सांगितले होते, की वसंतात जन्मलेली पिल्ले थंडीच्या आरंभी, कातडे दाट झाले की मारली जातात. ज्याचा जन्म मागायचा त्याचा मृत्यूही त्याच वाक्यात मागितल्यासारखे ते होत होते. मग सुनेची नेमणूक वाढावी, असा दुसरा रचला. परंतु ती नेमणूक त्या पिल्लांवरच उभी होती. पुढच्या दाराने जे नेता येत नाही ते मागच्या दाराने नेणे, एवढेच त्यात होते.

"बाबा, तुम्ही कार्यसिद्धीसाठी म्हणा ना, बस," सून म्हणाली. "देव समजून घेईल."

"मुली, देवाला समजते हीच तर अडचण आहे."

"तुम्ही काथ्याकूट करत बसा," स्वयंपाकघरातून आवाज आला. "तोवर तिची नोकरी जाईल."

त्या दिवशी सकाळी स्नान करून मी बसलो, बोटात शेजाऱ्यांचे गवत घातले, हातात पाणी घेतले आणि ते निथळून जाईपर्यंत थांबलो. पुन्हा घेतले. मग सुनेचे एक वाक्य आठवले. पिल्ले पुष्कळ होतात, पण पहिल्या काही दिवसांत त्यांतली कित्येक दगावतात. आईला दूध पुरत नाही, थंडी बाधते, कधी आईच त्यांना टाकून देते. मी म्हणालो, की जी जन्मतील ती आपल्या आईपाशी सुखरूप राहोत. किती जन्मावीत हे मी मागत नाही. त्यांचे पुढे काय होते हे तुला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. एवढे बोलून पाणी सोडले आणि अकरा आवर्तने पूर्ण केली.

संध्याकाळी पाहुणे आले. दाराच्या चौकटीतून वाकून आत यावे लागेल इतके उंच, लोकरीचा जाड सदरा, शेतात काम केलेले हात. वयाने ते माझ्या बरोबरीचे असावेत. त्यांनी एक चपटी, निळ्या फितीने बांधलेली पेटी दोन्ही हातांनी सौभाग्यवतींपुढे धरली. त्या ती घेऊन थेट देवघराकडे गेल्या. आमच्या घरची ही जुनी रीत आहे. नवी वस्तू, पहिला पगार, पाहुण्याने आणलेला आहेर, जे काही येईल ते न उघडता आधी देवापुढे ठेवायचे, त्यावर हळदकुंकू आणि अक्षता वाहायच्या, मग हात लावायचा. सुनेचा प्रबंधसुद्धा तेथे असाच एक रात्र राहून आला होता.

आम्ही जेवायला बसलो. मी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालू लागलो, आणि त्याच वेळी पाहुण्यांनी हात जुळवून डोळे मिटले. ते त्यांच्या धर्मातले श्रद्धावान होते आणि जेवणाआधी प्रार्थना करीत. माझे आटोपले तेव्हा त्यांचे चालू होते, म्हणून मी थांबलो. त्यांनी डोळे उघडले, मला थांबलेला पाहिले, आणि माझे काही राहिले आहे असे समजून पुन्हा मिटले. मी मग आदराने आणखी एक नाम घेतले. हे असे काही काळ चालले.

"बाबा, वरण निवतंय," सून मराठीत म्हणाली.

पाहुण्यांनी वरणभात काट्याने खाल्ला, आणि चांगला खाल्ला. श्रीखंड वाढायची वेळ आली तेव्हा सुनेने त्यांच्या वाटीत भरघोस मोठा गोळा घातला आणि आमच्या वाट्यांत बेताचा. सौभाग्यवतींनी तिच्या हातातून पळी काढून घेतली आणि सर्वांच्या वाट्या पाहुण्यांच्या वाटीएवढ्या केल्या. हे पाहुण्यांच्या लक्षात आले. त्यांनी विचारले, मी काही चुकलो का.

मी त्यांना समजावले. एका पंगतीला बसलेल्यांना सारखेच वाढायचे. एखादा थोर असो, आपले काम त्याच्याकडे अडलेले असो, तरी त्याला अधिक आणि दुसऱ्याला उणे असे करायचे नाही. याला आम्ही पंक्तिप्रपंच म्हणतो आणि तो दोष मानतो. येथे टेबल आहे, पंगत नाही, हे खरे. परंतु यांच्या हातात पळी आली की आम्ही ज्यावर बसलो असू ती पंगतच.

"आणि माझं काम त्यांच्याकडे अडलेलं आहे, हेही सांगून टाकलंत," सून मराठीत पुटपुटली. पाहुणे मात्र मान हलवीत श्रीखंड संपवत होते.

जेवणानंतर त्यांनी भेट उघडली का, असे विचारले. सौभाग्यवती त्यांना देवघरापाशी घेऊन गेल्या, आम्ही मागोमाग. सुनेने फीत सोडून पेटीचे झाकण उचलले. आत एका मिंकचे संपूर्ण कातडे होते, काळपट तपकिरी, नाकापासून शेपटीपर्यंत. झाकणावरचे कुंकू आणि अक्षता त्यावर सांडल्या. हे सारे सकाळी अभिषेक झालेल्या शिवलिंगाशेजारी, निरांजनाच्या उजेडात.

शुचितेच्या दृष्टीने मी काय करावे हे ठरवू पाहत होतो, आणि ठरवता येत नव्हते. कारण ज्या ऋषींच्या नावाने मी संध्या करतो, ते सारे मृगाजिनावर बसत. सौभाग्यवतींनीच कोंडी फोडली. "राहू दे," त्या म्हणाल्या. "शंकर जन्मभर कातडं नेसून बसलाय. त्याला काय त्याचं?"

पाहुण्यांनी ते कातडे पाहिले, त्यावरचे लाल ठिपके पाहिले, पुढे तेवणारे निरांजन पाहिले, आणि गुडघे टेकले. आपल्या जनावरासाठी आम्ही काही विधी केला आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. ती दूर करावी असे सुनेला वाटत नव्हते. तिने माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिचा अर्थ मला आजही नीट वाचता येतो.

"आज सकाळी तुम्ही यांच्यासाठी प्रार्थना केलीत, असे तुमच्या सूनबाई म्हणाल्या," ते म्हणाले. "काय मागितलेत?"

देवघरासमोर विचारलेल्या प्रश्नाला दुसरे उत्तर देणे मला शक्य नव्हते. मी सांगितले. तुमच्या प्राण्यांना पुष्कळ पिल्ले व्हावीत असे मागण्यास मी बसलो होतो आणि माझ्याने ते झाले नाही. ती कशासाठी हवीत हे मला ठाऊक होते. म्हणून एवढेच मागितले, की जी जन्मतील ती आईपाशी जगावीत.

ते उठले, सौभाग्यवतींना वाकून नमस्कार केला, कोट घातला आणि जेवणाबद्दल आभार मानून निघून गेले. नमुन्यांविषयी एक अक्षरही बोलले नाहीत.

दार लागल्यावर सून पायरीवरच बसली. "बाबा, तुम्ही त्यांना सांगितलंत, की त्यांच्या धंद्यासाठी तुम्हाला प्रार्थना करता येत नाही."

"त्यांनी विचारले."

"हो. त्यांनी विचारलं." तिने डोके भिंतीला टेकवले. "तीन वर्षं मी त्या माणसाशी इतकं जपून बोलतेय. कोट हा शब्दसुद्धा कधी काढला नाही."

सौभाग्यवतींनी तिच्यापुढे श्रीखंडाची उरलेली वाटी ठेवली. या वेळी कोणाला किती मिळाले हे त्यांनी पाहिले नाही.

मधले दिवस घरात शांततेचे गेले. सून ईलिंगकडच्या नोकऱ्यांच्या जाहिराती वाचू लागली आणि मी तिच्यासमोर पोथी उघडण्याचे टाळू लागलो. मग एका दुपारी, ती घरी असताना, डेन्मार्कहून दूरध्वनी आला. तिने तो स्पीकरवर ठेवला, कारण पाहुण्यांनी वडीलधाऱ्यांनाही बोलावण्यास सांगितले होते.

ते नमुने देण्यास तयार होते. आपल्या शेडमधले आणि शेजाऱ्यांच्या शेडमधलेही. एक अट होती.

"ती लाल पूड," ते म्हणाले. "ती मला पाठवा. मी बायकोला सर्व सांगितले. वीण होते तेव्हा रोज सकाळी मेलेली पिल्ले गोळा करणे तिच्याकडे असते. ती म्हणाली, की इतक्या वर्षांत त्या पिल्लांसाठी कोणी काही मागितल्याचे तिला आठवत नाही. लोक आमच्यासाठी मागतात, नाहीतर आमच्याविरुद्ध. ती पूड तिला विणीच्या शेडमध्ये हवी आहे."

सुनेने डोळे मिटून घेतले. तिला होकार मिळाला होता आणि त्याच श्वासात तिच्या प्रयोगात कुंकू मिसळले होते. ती अत्यंत सभ्यपणे म्हणाली, की पूड प्राण्यांना लावू नये, ते चाटतील. फार तर शेडच्या दारांना लावावी. ते म्हणाले, दारांनाच. मग ती म्हणाली, की आणखी एक. निम्म्याच शेडच्या दारांना लावावी आणि निम्मी कोरी ठेवावी. म्हणजे पिल्ले जगली, तर ती कशाने जगली याचा निवाडा करता येईल. कंट्रोल ग्रुपशिवाय तिला कोणी उभे करणार नाही.

"पण त्या एकाच रांगेत बसलेल्या असतात," ते म्हणाले. "निम्म्यांना द्यायचे आणि निम्म्यांना नाही? हा तर तो दोष झाला. तुमच्या घरीच मला सांगितले. नाव मला उच्चारता येत नाही."

सुनेने स्पीकरवर हात ठेवला. "बाबा, तुम्हीच समजवा. ते पंगतीचं होतं, हे सायन्स आहे."

मी सुनेचे हित जाणत होतो. परंतु देवापुढचे कुंकू हे प्रसादासारखेच. ते अर्ध्या रांगेला वाढून उरलेल्या अर्ध्या रांगेपुढून रिकाम्या हाताने जावे, असे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? "यांचे म्हणणे बरोबर आहे," मी म्हणालो. "प्रसादात पंक्तिप्रपंच करता येत नाही. द्यायचे तर सर्वांना, नाहीतर कोणालाच नाही."

"छान," सून म्हणाली. "एक डेन्मार्कचे, एक पुण्याचे. दोघे मिळून माझा प्रयोग बुडवा."

"कोणालाच नाही दिलं तर ते चालेल का त्यांना?" सौभाग्यवतींनी विचारले.

"नाही चालणार. त्यांच्या बायकोला हवंय."

"मग सर्वांना द्या. त्यात तुझं काय बिघडतं?"

"आई, बिघडतं म्हणजे..." सून बोलता बोलता थांबली. तिने स्पीकरवरचा हात अर्धवट उचलला. मग हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मला कुंकवाचा अभ्यासच करायचा नाहीये. मी एका मादीची दुसऱ्या मादीशी तुलना करतेय. खूण असलेली आणि नसलेली. सगळ्यांच्या दाराला कुंकू असेल तर दोघींनाही ते सारखंच आहे. निम्म्यांना दिलं तरच फरक पडला असता." ती आमच्याकडे वळली. "सगळ्यांना सारखं वाढलं, तर माझ्या हिशेबात ते येतच नाही."

"तेच म्हणतेय मी," सौभाग्यवती म्हणाल्या, जरी त्या तसे म्हणत नव्हत्या.

सुनेने पाहुण्यांना सांगितले, की प्रत्येक दाराला लावा, एकही दार सोडू नका, सोडलेत तर नमुने मला चालणार नाहीत. ते म्हणाले, आपण एकही सोडणार नाही. दोघांनीही हे इतक्या गंभीरपणे म्हटले, की कोण कोणाची अट मान्य करीत आहे हे सांगता आले नसते.

कुंकवाचा पुडा सौभाग्यवतींनी स्वतः बांधला, देवापुढे ठेवला आणि सुनेने तो रिकाम्या कुप्यांच्या खोक्यातून प्रयोगशाळेच्या टपालाने पाठवला. खोक्यावर आत काय आहे ते लिहावे लागे. तिने लिहिले, हळद आणि चुना यांपासून केलेली पूड, अन्न नव्हे. तिच्या प्रमुखांनी चौकशी केली तेव्हा तिने सर्व वृत्तांत निवेदन केला. ते इंग्रज गृहस्थ थोडा वेळ विचार करून म्हणाले, की प्रयोगाच्या वेळी जी परिस्थिती असते ती लिहून ठेवावी, त्यात संकोच कसला. त्यामुळे तिच्या पुढच्या निबंधात खाद्य, पाणी आणि उजेड यांच्या वर्णनानंतर, सर्व शेडच्या दारांना लाल पूड लावलेली होती, असे एक वाक्य आले. ते कोणीही गाळले नाही.

नेमणूक वाढली. वसंतात नमुने आले. सून रात्रीच्या जेवणाला उशिरा येऊ लागली आणि आनंदात राहू लागली. तिची खूण टिकली. पुरती नाही, पण पुढे शोधत राहावे इतकी टिकली. पिल्ले किती जगली, हे मी विचारले नाही. एकदा तिनेच आपण होऊन सांगितले, की पाहुण्यांच्या पत्नीने निरोप दिला आहे, सकाळची फेरी या वर्षी हलकी गेली. "वर्ष चांगलं होतं, हवा उबदार होती," सून लगेच म्हणाली. मी मान डोलावली. हवा उबदार असणे हेही काही थोडे नसते.

कातड्याची पेटी देवघराखालच्या खणात तशीच होती. ते अंगावर घेणे शक्य नव्हते, आणि पाहुण्याने दिलेले, देवापुढे राहिलेले, म्हणून टाकणेही शक्य नव्हते. नोव्हेंबर आला, कातडी दाट होण्याचा महिना. बाहेर अंधार लवकर पडू लागला. सून त्या आठवड्यात डेन्मार्कच्या बातम्या काढीत नसे आणि जेवताना कमी बोले. एके सकाळी मी तिला विचारले, की तेथे आता सुरू झाले का. ती म्हणाली, "हो बाबा. या आठवड्यापासून."

मी स्नान करून बागेत गेलो. शेजाऱ्यांच्या कुंपणालगत आमचा एक वाफा होता. त्यातली झाडे दंवाने काळवंडून आडवी झाली होती. तेथे मी खड्डा केला, पेटीतले कातडे त्यात ठेवले आणि माती लोटली. मग बोटात पिवळे पडलेले गवत घातले आणि तांब्यातले पाणी तीळ घालून त्या मातीवर सोडू लागलो. तर्पणात आपल्या पितरांचे झाल्यावर, ज्यांना पाणी देणारे कोणीच नाही अशांसाठीही पाणी सोडण्याची सोय आहे. तेथे नाव लागत नाही, गोत्रही लागत नाही. दोन बापांची असली तरी चालतात.

सौभाग्यवती दारात शाल घेऊन उभ्या होत्या. "किती वेळ?" त्यांनी विचारले. "तांब्या रिकामा झाला की या."

तांब्या रिकामा झाला. मी आणखी एक भरून आणला, कारण रांग मोठी होती.

कुंपणापलीकडे शेजारी हातात खराटा घेऊन आले. मी थंडीत, ओलेत्याने, मेलेल्या रोपांना पाणी घालीत आहे, असे त्यांनी पाहिले. ते काही क्षण संकोचले. मग अत्यंत मायेने, जसे कोणी आजाऱ्याच्या नातेवाइकाशी बोलावे तसे, म्हणाले, "ती आता काही परत यायची नाहीत हो."

"ठाऊक आहे," मी म्हणालो, आणि उरलेले पाणी सोडले.